ताईच्या मापाची गाडी

या, अशा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे, पाय मोकळे सोडा. एका गाडीची आणि तिच्यात बसणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. हिच्यात कुणी दुष्ट नाही, कुणी आळशी नाही. एक हुशार माणूस आहे. आणि हुशार माणूस चुकतो तेव्हा कसा चुकतो, ते कान देऊन ऐकण्यासारखं असतं.

तर एक होता सुतार. चाळीस वर्षं त्यानं फक्त खुर्च्या केल्या. पलंग करा म्हटलं की म्हणायचा, “झोपलेल्या माणसाचं मला काही कळत नाही, बसलेल्याचं कळतं.” वय बासष्ट. गल्लीत सगळे त्याला खुर्चीवाले म्हणत. थोरली बहीण तेवढी अजून छोट्या म्हणायची.

त्याची एक रीत होती. टेपला तो हात लावत नसे. “टेपला आकडा कळतो, माणूस नाही कळत.” गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं, एक सरळ पातळ काठी त्याच्या अंगाला लावायची आणि तिच्यावर पेन्सिलीनं खुणा करायच्या: जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत एक, मांडीच्या लांबीची दुसरी, खांद्यापर्यंत पाठीची तिसरी. मग ती काठी भिंतीवर टांगायची. अशा काठ्यांनी कारखान्याच्या दोन भिंती भरल्या होत्या. त्यातली कितीतरी माणसं देवाघरी गेली, काठ्या राहिल्या. आणि एवढ्या वर्षांत एक खुर्ची परत आली नाही! साहजिकच सुताराचा देवाखालोखाल विश्वास होता तो काठीवर.

आता ताई. वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेली बाई. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला तिनं न्हाऊ घातलं, जेवू घातलं, आणि कान धरून रंधा हातात दिला. सहा वर्षांपूर्वी तिच्या मानेचे सांधे आखडून गेले. मान वर नाही, खाली नाही, फक्त समोर. ती हसून म्हणायची, “जन्मभर पोरांवर ओरडले, समोर बघ, समोर बघ. देवानं माझंच वाक्य मला लावलं.” तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडांनीही हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकराला डायलिसिस. चार तास मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं, आणि घरी यायचं. नेणारा-आणणारा हा भाऊ.

पहिल्याच दिवशी फाटकापाशी उभी राहून तिनं बजावलं होतं, “छोट्या, मी माझ्या पायांनी गाडीत बसेन आणि माझ्या पायांनी उतरेन. ज्या दिवशी मला पोत्यासारखं उचलून आत घालाल, त्या दिवसापासून जाणं बंद. देवाला सांगून ठेवलंय, तुलाही सांगते.”

ताईनं बोललेलं कधी मागे घेतलेलं सुताराला आठवत नव्हतं. आणि जाणं बंद म्हणजे काय, हे डॉक्टरांनी त्याला वेगळं बोलावून सांगितलं होतं. दहा दिवस. फार तर बारा.

गाडी होती चौदा वर्षांची हायब्रिड. थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालणारी. कपाटासारखी उभट आणि चौकोनी. तिला कुणी सुंदर म्हटलं नसतं, पण ताई पाठ करायची, बूड टेकवायची, पाय आत घ्यायची, झालं. तिच्या मोठ्या बॅटरीनं मात्र आता मान टाकली होती. एका गुरुवारी मशीनवरून परतताना ऐन पुलावर समोर लाल त्रिकोण पेटला आणि गाडी बसली ती बसलीच. मागे भोंग्यांचा कल्लोळ. ताई शांत. “ओरडू देत. त्यांचं रक्त घरच्या घरी धुतलं जातं, त्यांना काय कळणार?”

मेकॅनिकनं सांगितलं, “नवी बॅटरी टाकीन, पण बाकीचं धड त्याच वयाचं आहे. ही हिवाळा काढणार नाही.”

सुतारानं त्याच संध्याकाळी ठरवलं. पुन्हा पूल नाही. महिना संपायच्या आत नवी गाडी, हायब्रिडच, पण नव्या घडणीची.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरची ताईची काठी काढून तो शोरूममध्ये गेला. निळ्या कोटातली विक्री करणारी पोरगी पुढे आली. “या काका. कोणता रंग बघायचा?”

“रंग मागाहून. दार उघड.”

त्यानं काठी जमिनीवर टेकवली आणि सीटला लावली. पोरगी बघत राहिली. “काका, सगळी मापं पुस्तिकेत छापलेली आहेत.”

“पुस्तिकेला गुडघे आहेत का?”

नवी गाडी जुनीपेक्षा बसकी होती, माशासारखी निमुळती. सीट काठीच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली. सुताराचा चेहरा पडला. तेव्हा पोरीनं सीटच्या बाजूची दांडी दाखवली. दांडी वर ओढली की सीट उचलते. एक, दोन, पाच, सात. सीट खुणेला येऊन भिडली, अगदी रेषेला रेष. मांडीची खूण जुळली, पाठीची जुळली. सुतार इतका खूश झाला की त्यानं पोरीला एक स्टूल भेट द्यायचं कबूल केलं.

घरी बायको म्हणाली, “अहो, घ्यायच्या आधी एकदा ताईंनाच नेऊन बसवा की.”

“मशीनवरून आली की दुसरा दिवस ती आडवी असते. तिला कशाला फरफटवू? आणि चाळीस वर्षांत काठीनं दगा दिलाय का मला?”

“काठीनं नाही दिला. पण गाडीत काठी बसणार नाही, ताई बसणार आहेत.”

“तुझं आपलं काहीतरीच.”

शुक्रवारी जुनी गाडी मोबदल्यात देऊन नवी दारात आली. शनिवारी सकाळी दहाला ती ताईच्या फाटकाशी उभी राहिली, इतकी गुपचूप की ताईला कळलंच नाही. “आली का? ही तर चोरपावलांनी येते रे.”

सुतारानं दार उघडलं, हात पुढे केला. ताईनं पाठ केली. बूड अगदी बरोबर सीटवर टेकलं. सुतार मनात म्हणाला, वा! मग ती आत सरकायला मागे झुकली आणि डोकं छताच्या कडेवर टण्णकन आपटलं.

“थांब,” ती म्हणाली. “पुन्हा.”

पुन्हा तेच. तुम्ही-आम्ही मान वाकवतो, डोकं आत घेतो, आपण मान वाकवली हे आपल्याला कळतही नाही. तिची मान वाकायची नव्हती. सुतारानं दांडी दाबून सीट खाली केली. डोकं सुटलं, पण आता सीट इतकी खोल गेली की ताई मधूनच कोसळली, आणि सुतारानं व बरोबर आलेल्या बायकोनं ओढून उभी करेपर्यंत घामाघूम झाली. सीट वर घ्यावी तर डोकं, खाली घ्यावी तर गुडघे.

आणि मग सुताराला लख्ख दिसलं. चाळीस वर्षं त्यानं बुडाचं माप घेतलं, मांडीचं घेतलं, पाठीचं घेतलं. डोक्याचं कधी घेतलंच नाही. कशाला घेईल? खुर्चीला छप्पर नसतं.

शेजारचा धिप्पाड पहिलवान फाटकावरून म्हणाला, “काका, मी धरतो की मावशींना. अशी उचलतो, अशी ठेवतो!”

ताईनं मान वळवायची म्हणून सगळी स्वतःच वळली. “तुझ्या तोंडात साखर पडो बाबा. पण मी काय गॅसचा सिलिंडर आहे?” मग भावाला म्हणाली, “छोट्या, मी आत जाऊन बसते.”  सुताराला फाटकापाशीचा तो पहिला दिवस आठवला.

मशीनवर अकराची वेळ. साडेअकरापर्यंत पोचलं नाही तर जागा दुसऱ्याला. घड्याळात सव्वादहा.

“ताईला पाणी घोटभरच दे, जास्त चालत नाही तिला,” त्यानं बायकोला सांगितलं. “मी आलो.”

“कुठे चाललात?”

“माप परत घ्यायला.”

शोरूम नुकतंच उघडत होतं. त्यानं नव्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. निळा कोट घाबरला. “काका, काही बिघाड?”

“गाडी चांगली आहे. बिघडलो मी. माझी जुनी कुठे आहे?”

“ती कालच दुसरीकडे गेली, काका. कागदपत्रंही झाली.”

सुतारानं किल्ली तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, “मी भांडायला आलो नाही, पोरी. पण मी इथून रिकामा जाणार नाही. माझ्या बहिणीची मान वाकत नाही. तिला उचललेलं चालत नाही. पाऊण तासात ती स्वतःच्या पायांनी गाडीत बसून मशीनवर पोचली नाही तर नुसता आजचा दिवस जाणार नाही, सगळेच दिवस जातील. तुझ्याकडे उंच छपराची हायब्रिड असेल ती दाखव. नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याचा पत्ता दे.”

 पोरीनं भिंतीवरची एक किल्ली काढली. “लोकांना चालवून दाखवायची एक आहे. उंच आहे. रंग घाणेरडा आहे म्हणून कुणी घेत नाही.” मग थबकली. “तुमची काठी नाही आणलीत?”

“काठी राहू दे. या वेळी ताईलाच विचारू.”

गाडी तिनं स्वतः हाकली. रंग खरंच शेवाळासारखा होता. फाटकाशी थांबताच सुताराची बायको उद्गारली, “अगं बाई! ही तळ्यातून काढली की काय?”

“ताई!” सुतारानं हाक मारली. “बाहेर ये. एकदाच.”

ताई दारात आली. “पुन्हा डोकं फोडायचंय का?”

“मी चुकलो. मी तुझं डोकं मोजलं नाही.”

“साठ वर्षं माझं डोकं खातोस, आणि मोजलं नाहीस?” पण ती आली, चालत आली.

दार उंच होतं, छप्पर त्याहून उंच. पण सीटही वर होती. टाचा जमिनीवर ठेवून बूड टेकेना. सुतार कारखान्याकडे धावला, दोन घरं पलीकडे, आणि बुटकं, रुंद पायांचं स्टूल घेऊन आला. दाराशी ठेवलं. हातानं दाबून डुगडुगतंय का पाहिलं.

“आता कवायतीसारखं,” तो म्हणाला. “तू आकडे म्हण, मी नुसता उभा राहतो.”

ताईनं दाराची कड धरली. “एक.” उजवा पाय स्टुलावर. “दोन.” डावा पाय शेजारी. पाय थरथरले. सुताराचा हात आपोआप पुढे गेला. “हात खाली!” ती कडाडली. तीस वर्षांपूर्वीच्या मैदानावरचा आवाज. हात खाली गेला. “तीन.” ती वळली, सगळीच्या सगळी, ताठ. “चार.” आणि मागे सरकली. डोकं आत गेलं. छताला बोटभर अंतर ठेवून आत गेलं.

 ताईनं एक पाय आत घेतला, मग दुसरा. समोर बघत म्हणाली, “आता तोंडं काय बघताय? किती वाजले?”

अकराला चार कमी होते. निळ्या कोटानं गाडी सोडली. सुतार मागच्या सीटवर स्टूल मांडीवर घेऊन बसला. मशीनच्या खोलीत पोचले तेव्हा अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. नर्स म्हणाली, “आज उशीर?” ताई म्हणाली, “भाऊ शिकत होता.”

पुढच्या आठवड्यात त्या निमुळत्या गाडीच्या बदल्यात शेवाळी गाडी घरी आली. त्यासाठी सुताराला तीन वेळा जावं लागलं, वरच्या साहेबासमोर उभं राहावं लागलं, आणि तिन्ही वेळा त्यानं ताईला बरोबर नेलं. साहेबानं खुर्ची पुढे केली तेव्हा ती बसली नाही. “उभीच बरी. काम झालं की बसेन.” काम झालं. रंग तोच राहिला. बायको अजून तिला बेडूक म्हणते.

तर मंडळी, उद्या तुम्ही कुठल्याशा दारातून आत शिराल, मान कधी वाकली हे तुम्हाला कळणारही नाही. त्या वेळी एक करा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी दहाच्या सुमारास एक बाई फाटकाशी उभी राहून आकडे म्हणते. तिचं ‘चार’ म्हणून होईपर्यंत, घटकाभर, तिची आठवण ठेवा.