शाकुहाचीची साथ

कौतिकची मुलगी शेवंता दुष्काळात पाणी आणायला गेली, ती खाणीच्या डबक्यात घसरून बुडाली. गावविहीर त्यांच्या वस्तीला बंद होती. तिला जाऊन महिना व्हायच्या आत अजिंठा बघायला आलेला एक जपानी भिक्खू त्यांच्या विहारात उतरला. दुभाष्या म्हणून जळगावचा गिरधर मास्तर सोबत होता.

संध्याकाळी भिक्खूने झोळीतून बांबूची जाडजूड बासरी काढली. तिला शाकुहाची म्हणतात, गिरधरने सांगितलं. तो वाजवणार होता ती रचना नवी होती, भिक्खूने स्वतः केलेली, समुद्रात बुडून गेलेल्या बहिणीसाठी. त्याच्या देशातल्या मंदिरात ती वाजे, तेव्हा तंतुवाद्याची साथ असे. इथं कोणी साथ देईल का, त्याने गिरधरकरवी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा कौतिककडे वळल्या. एकेकाळी पंचक्रोशीत त्याच्या सनईवाचून लग्न लागत नसे. पण धम्म घेतल्यावर वस्तीने गावकीची कामं टाकली, वाजंत्रीही टाकली. सोळा वर्षं सनई माळ्यावर पडून होती.

वस्तीचे वडीलधारे जीवराम आबा पुढे सरसावले. "आपीन वाजा सोडेल शे, कौतिक. एकदाव तोंडले लायी, का बठ्ठा गाव परत बलावी."

कौतिकने मान खाली घातली. आबांचं खरं होतं; एकदा वाजवलं की सगळं गाव पुन्हा बोलावणार. तेवढ्यात बायकांतून त्याची बायको बेबाबाई बोलली. शेवंता गेल्यापासून नवऱ्याशी ती धड बोललीच नव्हती.

"आपली पोरसाठे वाजाडा."

कौतिक उठला, घरी गेला आणि सनई घेऊन आला.

भिक्खूने फुंकर मारली. आधी नुसता वारा आला, मग त्यातून एक खरबरीत सूर वर चढला आणि मध्येच थांबला. पोरं फिसकन हसली. कौतिकला त्या थांबण्यात पाय ठेवायला जागा दिसेना. मग त्याने डोळे मिटले आणि लेकीची पाठवणी करताना वाजवतात ते सूर धरले. तिच्या लग्नात वाजवायचे राहिलेले. बेबाबाईने पदर तोंडात कोंबला. हसणारी पोरं जवळ सरकून बसली. भिक्खूने वाजवता वाजवता कौतिककडे पाहिलं आणि आपला सूर खाली आणला.

भिक्खू गेला. आठवड्याने पोलीसपाटलाचा गडी दारात आला.

"इहारमा वाजाडस, मंग आम्हना मांडवमा काब्र नही? परवा नवरदेवनी वरात शे."

"ते मन्ही पोरसाठे व्हतं," कौतिक म्हणाला. "वरातमा नही वाजाडणार."

शेवंता गेल्यावर सुरू झालेला सरकारी टँकर दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या शब्दावरून वस्तीवर थांबेना. बायका हंडे घेऊन रस्त्यावर उभ्या राहत, ड्रायव्हर वेग वाढवून निघून जाई. कौतिक आबांकडे गेला. 'मी सांगितलं होतं' हे ऐकायची त्याची तयारी होती. आबांनी नुसता लोटा उपडा करून दाखवला.

आपल्यापायी वस्ती तहानेली राहू नये म्हणून त्याच रात्री कौतिकने बिऱ्हाड आवरलं. जळगावला रेल्वेच्या मालधक्क्यावर त्याला हमाली मिळाली, रुळांपलीकडे एक खोपटं मिळालं. थोड्या दिवसांनी गावचा झुलाल बाजारात भेटला. टँकर परत थांबू लागला होता.

घरी येऊन कौतिकने ते बायकोला सांगितलं. बेबाबाई भाकरी थापत होती.

"बरं जायं," ती म्हणाली. "पन पोर त्या मातीमा एकटी राहिनी."

कौतिक दाराशी बसून राहिला. रुळांवरून मालगाडी गेली. ती पूर्ण गेल्यावर बेबाबाईने पुढची भाकरी तव्यावर टाकली.