मागाचा खड्डा

सत्याऐंशी साली मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या जांघेतून बारीक नळी सरकवली, आखडलेल्या नसेत इवलासा फुगा फुगवला आणि पायातल्या रक्ताची वाट मोकळी केली. चिरा नाही, टाका नाही. त्याआधी तीन वर्षं चाळीस पावलं चाललो की पोटरी पिळवटायची. मागावर पायाखालच्या पावड्या दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. परतताना नागपूर स्टेशनवर उतरलो आणि रिक्षा नाकारली. गोळीबार चौकापर्यंत न थांबता पायी आलो. सोबतचा मेव्हणा मागे धापा टाकत होता. माझ्या डोक्यात फक्त मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं होतं.

घरात शिरलो आणि डोकंच फिरलं. माग नव्हता. ज्या खड्ड्यात पाय सोडून मी चाळीस वर्षं विणलं, तो बुजवून वरून सारवला होता. त्यावर खाट, खाटेवर नवी चादर.

"बाबा, तुमच्या आरामासाठी केलं," माझा मुलगा वसंत म्हणाला. "नारळ ठेवून, पूजा करूनच बुजवला."

"पूजा? विणकर मेल्यावर खड्डा बुजवतेत तशी? मी मेलो होतो का गा?"

"ना चिरा, ना टाका. फुग्यानं काय होते? नस पुन्हा आखडन. आता बसून खा."

बसून खा म्हणे! बरा होऊन आलेल्या माणसाला खाटेवर निजवणारे हे शहाणे. मी खाट बाजूला ओढली आणि अंगणातून खणायची सब्बल आणली. वसंतनं धरली, मी हिसकून घेतली. हातभर खणल्यावर कुंकू लावलेला नारळ वर आला. तो त्याच्या हातात कोंबला.

"घे. माहा जीव अजून आहे."

मग काठावर बसून पाय आत सोडले. पाय हलके, गरम, दुखायचं नाव नाही. पण दाबायला पावड्याच नव्हत्या. राग आला, आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं.

माझी बायको रंभाबाई इतका वेळ दारात उभी होती. ती आत गेली आणि कोठीमागून एक गाठोडं घेऊन आली. त्यात दोन्ही पावड्या होत्या आणि अर्धं लुगडं.

"वसंता चुलीत घालत होता. मी लपवून ठेवल्या."

"मंग तेव्हा काहून नाही बोलली वं?"

"तुमी पायानं चालत याल असं मलेबी वाटलं नव्हतं. आठवण म्हणून ठेवल्या."

म्हणजे हिनंही मला मनातून निरोप दिलाच होता. तो राग अजून गेलेला नाही. मी सब्बल पुन्हा उचलली.

"उभी काय राहिली? माती काढू लाग."