कोरड्या पायांचा खांब

मी पाणथळीतला खांब बोलतोय. अंगावर आकडे, पाय चिखलात. खाडीचं पाणी कुठवर चढलं ते दाखवायचं, एवढंच माझं काम.

मला बघायला रोज मोजणीवाला यायचा. चिखलात एक पाय उचलून उभा राहायचा, म्हणून सगळे त्याला 'बगळा' म्हणायचे. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली, की नदीचं जास्तीचं पाणी आमच्या लव्हाळ्यात पसरायचं आणि ओहोटी लागली की सावकाश निघून जायचं.

खालच्या वस्तीत बगळ्याची थोरली बहीण राहायची. घर तळमजल्यावर, नवरा अंथरुणाला खिळलेला. माझ्यावरची धोक्याची लाल रेघ भिजली की बगळा फोन करायचा, "ताई, दाजींना वर हलव." नाहीतर म्हणायचा, "रेघ कोरडी आहे गं, निवांत राहा." ताई हसायची, "तुझ्या खांबाचं बरंय बाबा, नुसतं उभं राहायचं!" पण तिचा माझ्यावर भारी विश्वास. मला त्याचा कोण अभिमान!

मग डंपर आले. पाणथळ म्हणजे डासांचं माहेरघर, फुकट गेलेली जागा, असं ठरलं. लव्हाळा गेला, बेडूक गेले, मी कमरेपर्यंत मातीत गाडला गेलो. भोवती घरं उठली. मला रंग देऊन बागेत शोभेला ठेवलं. डोंबलाची शोभा! बगळ्याची सवय मात्र सुटली नाही.

त्या दुपारी आभाळ फाटलं, त्यात भरती. नदीचं पाणी नेहमीसारखं माझ्याकडे निघालं, भरावाला आपटलं आणि खालच्या वस्तीकडे वळलं. बगळा छत्री घेऊन आला. माझ्या पायाशी साधं डबकंही नव्हतं.

"ताई, रेघ कोरडी आहे. निवांत राहा."

अरे बाबा, पाण्याला इथे जागाच उरली नाही, म्हणून कोरडी आहे! मी आतल्या आत ओरडत राहिलो. खांबाचं कोण ऐकतं?

शेजाऱ्यांनी दाजींना दाराच्या फळीवर घालून छातीभर पाण्यातून बाहेर काढलं. पण अंगात भरलेला गारठा काही निघाला नाही. दाजी गेले.

नंतर ताई एकदाच इथे आली. बगळा मान खाली घालून मागे उभा होता. ती पुढे झाली. माझ्या रेघेवर हात ठेवून म्हणाली, "तू कधी खोटं बोलला नव्हतास रे."

ते अजून सलतं. आभाळ भरलं की बगळा येतो, हातात फोन धरून उभा राहतो आणि न लावताच परततो.

जमलं तर थोडी माती काढा, पाण्याला त्याची जागा द्या, माझे पाय भिजू द्या. तेवढं जमत नसेल, तर निदान माझी लाल रेघ पुसून टाका. कुणीतरी अजून तिच्यावर विश्वास ठेवेल.