शेगडी गार होईपर्यंत

धैर्यशीलचा पुण्याहून फोन आला तेव्हा मला वाटलं, आखाडाचा शेवटचा रविवार जवळ आलाय, जेवायला येतो म्हणेल.

"आई, आण्णांची बिडाची शेगडी हाय न्हवं अजून? रविवारी रात्री सोसायटीत बार्बेक्यू करायचाय. सकाळी येतो, गाडीत टाकतो, लगेच निघतो."

"जेवणार न्हाईस?"

"वेळच न्हाई गं."

आण्णा म्हणजे माझे यजमान. उद्यमनगरात फौंड्रीत होते. भट्टीत उरलेल्या लोखंडाच्या रसातून ती शेगडी त्यांनीच ओतली होती. आखाडात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर दहा-बारा माणसं तिच्याभोवती मटण भाजत बसायची आणि हे ओरडायचे, "मीठ कोण घालणार, पावणं काय?" ते गेल्यापासून ती पत्र्याखाली गंजत पडली होती.

आठवडाभर मी घासत बसले. आधी तारेचा ब्रश, मग काथ्या आणि राख. चिंचेचं पाणी लावलं की तांबडा चिखल ओघळायचा. खालच्या मजल्यावरची चिमणाबाई डोकावली. "ह्या वयात कुस्ती धरलीसा व्हय, आक्का?" हसली आणि गेली. परत ब्रशाचा आवाज तेवढा राहिला. शेवटी कोरडी करून गोडेतेल चोळलं. काळंभोर बीड वर आलं.

रविवारी सकाळीच मटणाला हळद, मीठ, चटणी लावून ठेवली. धैर्यशील अर्ध्या तासावरच्या किणी टोलनाक्यावर पोचल्याचा फोन आला आणि मी शेगडी पेटवली.

"आई! पेटवलीस कशाला?" गच्चीवर येताच तो ओरडला.

"तेल लावल्यावर तापवायलाच लागती. न्हाईतर परत गंजंल."

त्यानं पाण्याची बादली उचलली.

"पाणी मारू नको, तडकंल. फौंड्रीवाल्याचा पोरगा न्हवं तू?"

बादली ठेवून तो पाटावर बसला. मी जाळीवर मटण मांडलं. दोन तुकडे खाल्ल्यावर त्यानं फोन खिशात घातला. "आण्णा चरबीचं कडंला ठेवायचे," म्हणाला आणि चिमटा माझ्या हातातून घेतला.

तो हात धुवायला गेला तेव्हा मी आणखी कोळसे घातले.

"अजून विझली न्हाई?"

"कोळसा चांगला हाय."

त्यानं शेगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. परत बसला आणि आणखी एक भाकरी मागितली.

तीन वाजता शेगडीला हात लावता आला. पोत्यात गुंडाळून त्यानं ती गाडीत ठेवली.

"पुढच्या रविवारी आणून देतो, आई."

पुढच्या रविवारी श्रावण लागलेला असणार. श्रावणात शेगडीचं काय काम, हे दोघांनाही माहीत होतं.

"बरं," मी म्हणाले.