हाडानं सोडलेला खिळा

कंगव्याच्या दातांत, केसांच्या गुंतवळात, तो अडकला होता – करंगळीच्या पेराहून लहान, करडा, खालच्या टोकाला आटे असलेला – आणि तिला आधी वाटलं, कंगव्याचाच कसला तरी तुकडा मोडला. मग हात आपोआप कानामागे गेला. तिथं खिळा नव्हता. तिथं मऊ, ओलसर भोक होतं.

आणि दुखत नव्हतं... हेच तिला कळेना. दुधाचा दात पडला तरी पोर कळवळतं. आणि हा तर कवटीच्या हाडात अकरा वर्षं रुजलेला – रुजेल, असंच डॉक्टर म्हणाले होते तेव्हा, हाड त्याला वेढून घेईल, आपलं म्हणेल. त्यावर ऐकण्याचं यंत्र अडकवलं की जग आत यायचं, नळाची धार, पाखरं, नवऱ्याचं घोरणंसुद्धा.

नवरा दारात आला. तिनं तळहात पुढे केला. "हिच्या डोक्याचा स्क्रू ढिला आहे," ही त्याची जुनी थट्टा, पाहुण्यांपुढे हटकून व्हायची. आताही त्याचं तोंड सवयीनं उघडलं, आणि तसंच मिटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिच्या कानाशी ओरडून बोलल्या.

"कातडी सारखी सुजायची ना, तो संसर्ग खाली उतरलाय. आतलं हाड झिजलं."

"मी रोज साफ करत होते हो. लहान पोराचे दात घासावेत तशी."

"तुमची चूक नाही, ताई. इतक्या वर्षांनीही हाड कधीकधी सोडून देतं. इथं आता नको, दुसऱ्या बाजूला बसवू. विचार करून सांगा."

"विचार कसला त्यात?" नवऱ्याचे ओठ म्हणाले. "बसवायचाच."

चूक नाही. चूक असती तर बरं झालं असतं – चुकीचा निदान कान तरी धरता येतो. पण माझ्याच हाडानं, मला न विचारता, लेक म्हणून घरात घेतलेल्या खिळ्याला एका सकाळी उंबऱ्याबाहेर ठेवावं, वर दाराचा आवाजसुद्धा होऊ देऊ नये... किती दिवस चाललं होतं हे आत? मी हसत होते तेव्हा? झोपले होते तेव्हा?

नवरा घरी चल म्हणत होता, ती कारखान्यात गेली. भट्टीतून निघालेल्या चिनी मातीच्या कपांवर लाकडी काडीनं टिचकी मारायची, हे तिचं काम. धड कप किणकिणतो, तडकलेला बद्द वाजतो. डोळ्यांना न दिसणारा तडा ती कानानं धरायची. आज काडी कपावर पडताना दिसली फक्त. पुन्हा पडली. काहीच नाही. हे काम गेलं तर... पुढचं तिनं मनातही म्हटलं नाही.

मग तिनं कपाची कड दातांत धरली. लहानपणी, यंत्र नव्हतं तेव्हा, बाबा टेबलावर ठेका धरायचे आणि ती टेबलाची कड चावून तो ऐकायची – कुणी शिकवलं नव्हतं. तिनं काडी मारली.

किण्ण!

दातांतून, जबड्यातून, थेट कपाळाच्या आत.

कप बांधणाऱ्या मावशी समोर येऊन हातवारे करत होत्या. "अगं, कप खातेस की काय? जेवली नाहीस?" ओठांवरून तिला सगळं कळलं. हसू मात्र आलं नाही. कारण नाद घेऊन आलं होतं ते हाडच – तेच, ज्यानं सकाळी तिला सोडलं होतं. इतकं इमानी, इतकं स्वच्छ, जणू काही झालंच नाही. दुसऱ्या बाजूचं हाडही असंच 'ये' म्हणेल, वर्षानुवर्षं म्हणत राहील, आणि आतून...

तिनं दुसरा कप दातांत धरला. किण्ण. धड होता. तो तिनं धड कपांच्या रांगेत ठेवला, उचलला, पुन्हा दातांत धरला. पुन्हा किण्ण. तरी तिला तो खाली ठेववेना.