औषधाची खिडकी

सरकारी दवाखान्यातली औषधाची खिडकी भर दुपारी बंद व्हायची. ती बंद करणाऱ्या फार्मासिस्टच्या नावाने लोक बोटं मोडायचे. त्याच्या गळ्यात दोन दवाखाने होते: सकाळी हा, दुपारी पलीकडच्या वस्तीतला. वर तक्रार करावी असं त्याच्या मनात यायचं, पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? तो मूग गिळून गप्प होता.

शाळेच्या सभागृहात आरोग्यसेवेची जनसुनावणी ठरली. आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांच्या मागच्या रांगेत त्यालाही बसवलं. लोक बोलत होते, साहेब मान डोलवत होते. तेवढ्यात समोरून त्याची आई उठली. येणार असल्याचं ती घरी बोलली नव्हती.

"साहेब, गुडघे धरून मी पोचेपर्यंत औषधाची खिडकी बंद."

"कोण बंद करतं, आजी?"

"माझा मुलगा. तुमच्या मागेच बसलाय."

सभागृह हसलं. फार्मासिस्टने मान खाली घातली.

"मग तो घरी आणून देत नाही?"

"देतो की. पण रांगेतल्या सगळ्यांच्या घरी फार्मासिस्ट नसतो."

साहेब मागे वळले. "का हो?"

अब्रू चव्हाट्यावर आलीच होती, आता राखायचं काय? "दुपारी मला दुसरी खिडकी उघडायची असते, साहेब. तिथली जागा रिकामी आहे. आधीचे फार्मासिस्ट निवृत्त झाले, तेव्हा निरोपाची शाल तुम्हीच दिलीत."

"बघतो," साहेब म्हणाले.

"बघा. आम्ही बसलोय," आई म्हणाली आणि बसली. कार्यक्रम संपला तरी कोणी उठेना. शिपायाने पंखे बंद केले. लोक घाम पुसत बसून राहिले. शेवटी साहेबांनी तिथूनच फोन लावला आणि जागा महिनाअखेरीस भरू, असं माइकवर सांगितलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आधी सांगायचं तरी."

"तू नको म्हणाला असतास."

ते खरंच होतं.

परवानगीवाचून बोलल्याबद्दल त्याला नोटीस आली. पलीकडच्या वस्तीत नवी फार्मासिस्ट त्यानंतर आली, तीही आई शेजारणींना घेऊन साहेबांच्या दारात दोनदा जाऊन बसल्यावर.

"नोटिशीला काय उत्तर देणार?" आईने विचारलं.

"बोललो तेच."

"सगळं लिही. शालीचंही."

त्याने शालीचंही लिहिलं.