हवेचा आकडा

ट्रकच्या अड्ड्यावर सगळे त्याला ‘हवामान खातं’ म्हणत. इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डवरच्या डिस्प्लेत ब्रेकच्या हवेचा आकडा आठावर आलेला स्वतः पाहिल्याशिवाय त्यानं कधी गिअर टाकला नव्हता. मागं गाड्यांची रांग लागो, मालवाला हातवारे करून थको, हा आपला आकड्याकडे बघत बसणार. “काय खातं, आज ऊन की पाऊस?” असं कुणी खिडकीशी येऊन विचारलं, की म्हणणार, “थांब रे, अजून साडेसहाच झालीय.” ज्याच्या हाताखाली तो गाडी शिकला, त्या वस्तादानं एकदा घाईत अर्ध्या हवेवर गाडी उतारावर घातली होती. पुढचं यानं शेजारच्या सीटवरून पाहिलं होतं. तेव्हापासून लोक हसोत, काही करोत, आकडा बघायचा म्हणजे बघायचा.

म्हणून डिस्प्ले गेला आणि गाडी घरामागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

आधी नुसता लुकलुकायचा. डॅशबोर्डवर एक बुक्की मारली की यायचा. मग दोन लागायला लागल्या. “माझ्यासारखाच आहे,” तो बायकोला म्हणायचा, “ओरडून घेतल्याशिवाय उठत नाही.” शेवटी बुक्कीलाही दाद देईना. गॅरेजवाला म्हणाला, अख्खं मीटर बदलावं लागेल, आणि या मॉडेलचं मीटर येत नाही आता. आलं तर कळवतो.

“आलं तर कळवतो म्हणजे काय ते कळलं,” घरी येऊन तो म्हणाला. “मीच उघडतो.”

ती भांडी विसळत होती. तिनं मान वर केली नाही. डिस्प्ले विझला त्या दिवशी तिला मनातल्या मनात हायसं वाटलं होतं आणि तिनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. जे तिच्या रडण्यानं झालं नव्हतं, ते एका विझलेल्या दिव्यानं केलं होतं. गाडी उभी होती.

लक्ष ठेवायची तिला खोडच होती. लेक झाल्यापासून, चिमणी झाल्यापासून, तर झोपेतही तिचा एक कान उघडा असायचा. गॅसचं बटण, न्हाणीचं दार, खिडकीची कडी, सगळं दोनदा बघितल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. अशा बाईच्या नजरेतून नवऱ्याची नजर कशी सुटणार? चहा कपाच्या बाहेर पडला तेव्हा तो किटलीच्या चोचीला शिव्या देत होता. शेजारच्या मुलीला “चल गं चिमणी, आत” म्हणून हाताला धरून आणलं, तेव्हा सगळे हसले, कारण दोघींचे फ्रॉक लाल होते. ती हसली नव्हती. हल्ली तो बोलणाऱ्याकडे सरळ बघत नसे. कोंबडीसारखी मान तिरकी करून त्याच्या कानाकडे बघायचा. मग एक दिवस गाडीच्या डाव्या अंगाला हा मोठा पोचा आला.

“खांब आडवा आला.”

“खांब कसा येईल आडवा?”

“मग मी गेलो असेन. झालं समाधान?”

ती त्याला चष्म्याच्या दुकानात ओढूनच घेऊन गेली होती. बाहेर आल्यावर तो अड्डाभर सांगत सुटला, “नंबरच नाही म्हणाला! ठणठणीत!” दुसऱ्या दिवशी चिमणीला कडेवर घेऊन ती एकटी दुकानात गेली. दुकानदारानं आधी चिमणीला एक रिकामी डबी खेळायला दिली आणि मग आवाज खाली आणून सांगितलं, “ताई, चष्म्यानं काही होणार नाही, असं म्हणालो होतो मी. त्यांची नजर मधोमध जात चाललीय. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. पण गेलेली परत येईल असं धरून चालू नका. आणि त्यांना गाडी चालवू देऊ नका.”

एकदा जेवताना तिनं हे जमेल तितकं हळू सांगून पाहिलं होतं. त्यानं ताट सरकवलं. “गाडीवरून उतरवून मला काय दारात माशा मारायला बसवतेस?” एवढंच म्हणाला आणि दोन दिवस बोलला नाही. मग विषय मिटला. म्हणजे घरात सगळे त्या विषयाला वळसा घालून चालायला शिकले, खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पेटीला घालावा तसा.

मीटर उघडायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाचा, फोन आला. उद्या माल आहे. लांबचा पल्ला, अर्धा रस्ता उताराचा. गाडी तयार ठेव.

“ठेवतो की!” तो म्हणाला. फोन ठेवून चिमणीला उचललं. “उद्या कोण येणार केबिनमध्ये बसून?”

“मी!”

ओल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली. “तिला कशाला?”

“कधीची मागं लागलीय. बघू दे जग थोडं.”

बॅटरीची तार काढून तो केबिनमध्ये चढला. स्क्रू काढताना त्याला डोळ्यांची गरजच नव्हती. बोटं आपली आपण जात होती, एकेक स्क्रू फिरवून शर्टाच्या खिशात टाकत होती. मीटर बाहेर आलं ते त्यानं दोन्ही हातांवर, झोपलेलं मूल आणावं तसं आणलं आणि मागच्या ओट्यावर जुन्या चादरीवर ठेवलं. मागचं झाकण उघडलं. आत हिरवी प्लेट, तिच्यावर चांदीच्या ठिपक्यांसारखे सोल्डरचे टाके.

फोनवरच्या व्हिडिओत कुणीतरी मेकॅनिक हे काम करून दाखवत होता. फोन तिच्या हातात देत तो म्हणाला, “तू बघ आणि सांग. मला त्याचं बोलणं समजत नाही, भरभर बोलतो.” मेकॅनिक चांगला सावकाश बोलत होता. गाडीच्या हादऱ्यांनी पिनांभोवतीचे टाके तडकतात, म्हणत होता. तापवून नवीन सोल्डर भरला की काम झालं. कोपऱ्यातल्या जाड पिनेतून करंट येतो. ती सुटली तर सगळंच बंद.

आधी त्यानंच सोल्डरिंगचं यंत्र हातात घेतलं. टोक पिनेच्या शेजारी टेकलं, प्लॅस्टिक जळल्याचा वास आला. पुन्हा टेकवलं ते स्वतःच्याच बोटावर.

“उजेड नाही इथं.”

ओट्यावर लखलखीत ऊन पडलं होतं.

“आणि स्टिअरिंगचा कंप बसलाय हाताला. तू मार टाके. कॉलेजात हे शिकलीस ना, का नुसतीच कॅन्टीनमध्ये बसायचीस?”

“प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी होते मला.”

“बघू तर.”

तिनं प्लेट उचलून डोळ्यांशी धरली. पिनांभोवती केसासारख्या बारीक चिरा स्पष्ट दिसत होत्या. “दिसतायत ना तुम्हाला?” तिनं विचारलं, आणि विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

“दिसतायत की. दोन-तीन आहेत.”

जवळजवळ सगळी ओळ तडकली होती.

“आधी पिन तापव,” तो शेजारी बसून सांगू लागला. “मग सोल्डरची तार लाव. गार पिनेवर सोल्डर ओतलास तर वरून झाकल्यासारखं दिसेल आणि आतून सुटं राहील.” तिनं पहिला टाका मारला. धुराची एक बारीक रेघ वर गेली. गार होईपर्यंत तो थांबला, मग तर्जनीचं टोक त्यावरून अलगद फिरवलं. “हां. मेणासारखा. कुठं खरखर नाही, टोक नाही. पुढचा.”

ती मारायची, तो बोट फिरवायचा. “वा!” म्हणायचा. “तुझं हे आधी कळलं असतं तर मी गॅरेजच काढलं असतं. तू काम करायचंस, मी गल्ल्यावर.” ती हसली. किती दिवसांनी असे दोघं एका चादरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. एक टाका, एक बोट, एक “वा”. तिला वाटलं, हे टाके संपूच नयेत.

चिमणी खेळता खेळता आली आणि त्याच्या पाठीवर लोंबकळली. आकडे ती याच डिस्प्लेवर शिकली होती. घराच्या दाराचा नंबर, घड्याळ, कॅलेंडर, सगळं नंतर. पहिला आठ तिनं बापाच्या मांडीवर बसून या काचेत ओळखला होता.

“बाबा, उद्या आकडा मी वाचणार?”

“मग काय! तू नुसतं सांगायचंस, बाबा, आठ झाली. की मी गिअर टाकला.”

“रोज?”

“रोज.”

यंत्राचं टोक हवेतच राहिलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसत होता, चिमणीच्या कानाकडे बघत. म्हणून पोरीला न्यायचं होतं. जग दाखवायला नाही. वाचायला.

आणि आठ वाचून झाल्यावर? समोरून कोण येतंय, रस्ता कुठं वळतोय, कुणाचं पोर चेंडूमागं धावतंय, तेही हीच वाचणार होती? समोरच्या काचेपर्यंत हात न पोचणारी पोर?

शेवटची राहिली होती ती कोपऱ्यातली जाड पिन.

तिनं यंत्राचं टोक पिनेला लावलंच नाही. तार बाजूला वितळवली आणि थेंब गार पिनेवर सोडला. तो गोळा होऊन बसला, वर एक लहानसं टोक काढून. वरून बघणाऱ्याला टाका वाटावा. तेवढ्यात चिमणीनं बापाच्या गळ्यात दोन्ही हात घातले, तो तिला गुदगुल्या करू लागला, आणि बोट फिरवायचं राहून गेलं.

“झालं?”

“झालं,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

मीटर जागेवर बसवलं, बॅटरीची तार जोडली, त्यानं चावी फिरवली. इंजिन धडधडलं. काच काळीच. एक बुक्की. दोन. हवा भरत गेली, टाक्या भरल्यावर खालून नेहमीची फुस्स झाली, म्हणजे आठ कधीच होऊन गेली होती. त्यालाही ते कानानं कळलं होतं. तरी तो काळ्या काचेकडे मान तिरकी करून बघत राहिला.

“काहीतरी राहिलं,” तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं. “दे, पुन्हा बघतो.”

“मी बघते ना.”

“तू दमलीस. बस.”

मीटर पुन्हा चादरीवर आलं. या वेळी त्यानं डोळेच मिटले. तर्जनी ओळीनं फिरू लागली. मेण, मेण, मेण. ती समोर बसून बघत होती. बोट कोपऱ्याशी पोचलं. थांबलं. मागं आलं, पुन्हा गेलं. त्या लहानशा टोकावर घासून घासून तिथंच राहिलं.

“हा तूच मारलास ना?”

“हो.”

“बाकीचे सगळे कसे गुळगुळीत.” त्यानं बोट टोकावरून उचललं. “पैकीच्या पैकीवाली बाई तू.”

ती रडली नाही. रडली असती तर तो चिडला असता आणि सगळं पुन्हा ताट सरकवण्यापाशी जाऊन थांबलं असतं. तिनं यंत्र हातात घेतलं. ते अजून गरम होतं. “नीट मारून देते,” ती म्हणाली. “आत्ता. तुम्ही फक्त म्हणा, की पोरीनं वाचून न दाखवता तुम्हाला आकडा दिसेल.”

बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे सरळ बघितलं. खूप दिवसांनी सरळ. त्याची नजर तिच्या तोंडावर येऊन थांबली आणि तिथं काही सापडलं नाही तशी पुन्हा बाजूला घसरली.

“चिमणीला समोर धरलं की ती जाते,” तो म्हणाला. “तोंडच नाही राहत. कुणी अंगठ्यानं पुसून टाकल्यासारखं. फ्रॉक दिसतो. हात दिसतात. तोंड बघायचं तर भिंतीकडे बघावं लागतं.”

तिचा हात पुढं झाला. त्यानं तो धरला नाही. पण सरकवलाही नाही.

“झाकण दे.”

तिनं झाकण दिलं.

“झाकणाचे स्क्रू दे.”

तो गोळा, ते टोक, सगळं जसंच्या तसं आत ठेवून त्यानं झाकण लावलं. शर्टाच्या खिशातला एकही स्क्रू चुकला नाही. मीटर डॅशबोर्डमध्ये बसवलं, वरची पट्टी लावली, काचेवरची धूळ बाहीनं पुसली. इतकं नीट काम त्यानं चालू डिस्प्लेसाठीही केलं नसेल.

ओट्यावर येऊन टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. त्यानं तो न बघता तिच्याकडे धरला. तिनं बटण दाबून त्याच्या कानाला लावला.

“मीटरच गेलं रे, दादा. नाही, मीच उघडलं होतं. नाही होत.”

पलीकडचा मोठा आवाज तिलाही ऐकू आला. “एवढंच ना! माझ्या एका ओळखीच्याकडे तसलीच गाडी मोडीत उभी आहे. उद्या उजाडताच मीटर घेऊन येतो. अर्ध्या तासात बसवू. माल काही हातचा जात नाही!”

“बरं,” तो म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, “आण.”

फोन बंद झाला. उद्या दादा येणार. त्याचं मीटर बसणार, लख्ख लागणार, आणि तो शेजारी उभा राहून सहज विचारणार, हवा किती रे? तिच्याकडे दुसरी गार पिन नव्हती. चादरीवर सांडलेले सोल्डरचे कण ती एकेक करून नखानं वेचत राहिली, चिमणीच्या पायाला लागू नयेत म्हणून.

चिमणी केबिनमध्ये चढून बसली होती. दोन्ही हात मोठ्या स्टिअरिंगवर, नाक काळ्या काचेला लावलेलं.

“बाबा!” ती ओरडली. “आठ झाली! चला!”

ओट्यावर बसल्या जागी त्याचा डावा हात आपोआप गुडघ्याशेजारी गेला, जिथं गिअर असतो तिथं. मूठ वळली, आणि तशीच राहिली.